बिनव्याजी मोठेपणा

वॉकरच्या एका पायाचं रबरी बूच झिजून तिरकं झालं होतं, आणि आई टेकेल तिथे फरशीवर काळी रेघ उमटत होती. बेडरूमच्या दारापासून सोफ्यापर्यंत एक, सोफ्यापासून बाथरूमपर्यंत दुसरी... संजना ओलं फडकं घेऊन मागे मागे वाकून पुसत चालली होती. गुडघा बदलला आईचा, आणि ओणवं व्हायचं हिनं.

"हळू, आई."

"हळूच चाललीये. दीपकनं सांगितलंय, रोज धा मिनिटं चालायचंच."

दीपकनं सांगितलंय! फिजिओथेरपीवाली मुलगी इथे, या हॉलमध्ये उभी राहून हे सांगून गेली होती. संजनानं ते फोनवर भावाला सांगितलं. त्यानं पिंपळगावहून फोन करून आईला सांगितलं — आणि आता ते दीपकचं झालं. त्याच्या हातात गेलेलं सगळं त्याचंच होतं. बेडपॅन मात्र कधी त्याच्या हातात गेलं नाही.

आज पाच तारीख. उठल्यापासून ती तारीख तिच्या डोक्यात होती, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

हॉस्पिटलच्या काउंटरपाशी त्या दिवशी किती माणसं होती — मामा, मामी, सायखेड्याची नवसामावशी, दीपकच्या बायकोच्या, निकिताच्या माहेरची दोघं. बिलाचा आकडा ऐकून सगळ्यांनी एकदम भिंतीवरच्या गणपतीकडे पाहिलं होतं. आणि दीपकनं शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं. पाकिटातून नव्हे, खिशातून. म्हणजे आधीच काढून ठेवलेलं. दोन बोटांत धरून, विडा द्यावा तसं पुढे केलं. "कुणी काही काढायचं नाही. मी आहे ना." पिन दाबताना मात्र दुसऱ्या हातानं आडोसा केला, सख्ख्या मामापासून! मशीनमधून पावती सरसरत बाहेर आली, मामांनी डोळे पुसले, मावशी म्हणाली श्रावणबाळ... आणि मग लिफ्टमध्ये, दोघंच असताना, आरशात भांग नीट करत तो तिला म्हणाला होता, "तरी... बघू आपण नंतर. पाच तारखेपर्यंत तर व्याजच नाही."

बघू आपण. त्यातला 'आपण' कोण, हे तिला तिथल्या तिथे कळलं होतं.

पतसंस्थेत वीस वर्षं कर्जाच्या टेबलावर काढल्यावर अशी माणसं तिला वासानं ओळखता येत. बँकेच्या पैशावर दीड महिना मोठं व्हायचं, कौतुक त्याच दिवशी रोख घ्यायचं, आणि बिलाची तारीख आली की तोंड लपवायचं. गेल्या आठवड्यात निकिताचा फोन आला, बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं, "कांद्याचं काही खरं नाही हो ताई. कार्डाचं या वेळी मिनिमम भरू म्हणत होते." त्या क्षणी सांगता आलं असतं, की बाई गं, मिनिमम भरलं म्हणजे दंड चुकतो, व्याज नाही चुकत, ते उरलेल्यावर लागतं, थेट कार्ड घासलं त्या दिवसापासून, आणि पुढच्या खरेदीलाही मग बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पतसंस्थेत परक्या माणसालाही हे ती थांबवून समजावत असे.

निकिताला ती "बरं" म्हणाली.

आणि तरी... तरी ठेव मोडून ठेवलीच होती मी. निम्मं बिल सेव्हिंगमध्ये येऊन पडलंय, नवऱ्याला, रोहितलाही सांगितलंय. नाही कुठे म्हणतेय? त्यानं फक्त मागायचं. एकदा. 'ताई, तुझा वाटा दे' — एवढं एकच वाक्य. त्या वाक्यासाठी ती दीड महिना थांबली होती, आणि ते ऐकल्यावर आपण किती वेळ गप्प राहायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं.

दुपारी नवसामावशी आली. पिशवीतून मेथीच्या जुड्या काढून तिनं ओट्यावर टाकल्या आणि बहिणीच्या पायाशी बसली.

"मैने, लय नशीबवान हायेस. आमच्याकडं तिघं असून डोळ्याच्या आपरेशनला कोणी फिरकलं नाय. तुझ्या लेकानं कारड काढलं आन झालं."

"एक रुपया मागितला नाय कुणाकडं," आई म्हणाली. "पोरीकडंबी नाय."

पोरीकडंही नाही! संजना आत मेथी निवडत होती. मुळाशी माती लागली होती, देठ मोडताना ती नखात गेली. दीड महिना जी आईचे केस विंचरते, रात्री दोनदा उठते, जिनं रजा संपवून बिनपगारी घेतली — तिचं नाव मागण्याच्या यादीतही शेवटी. चहा नेऊन ठेवताना ती हसली. हसायला तिला काही कष्ट पडले नाहीत. ज्यांची कीव करायची त्यांच्यावर रागवायचं कशाला?

चारच्या सुमाराला फोन वाजला. दीपक. तिनं मुद्दाम रिंग थोडी वाजू दिली.

"ताई, काय चाललंय?"

"काही नाही. तुझं?"

"मार्केटला आहे. आज आवक फार." मागे टेम्पो रिव्हर्स घेतल्याचा आवाज येत होता. "आईचं बूच आणायचंय ना वॉकरचं? मी येताना आणतो."

"बरं."

"बाकी?"

आलं. हे 'बाकी' म्हणजे उंबरा होता, आता तो ओलांडणार... तिनं श्वाससुद्धा सावकाश घेतला. पलीकडे कुणीतरी भाव ओरडत होतं.

"बाकी काही नाही," ती म्हणाली.

"हं. बरं... आईला दे ना जरा."

भित्रा! मागायलाही छाती लागते. तिनं फोन आईच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे ओढून काढले. आई बराच वेळ हूं हूं करत होती. फोन परत देताना म्हणाली, "तुझंच इचारत होता. ताईचा आवाज बरा नाय वाटला म्हणे, तिला काही पैशाबिशाची अडचण आहे का, बघ म्हणाला."

संजनाला खरोखर हसू आलं. स्वतः बुडायला आलाय, आणि देण्याची ऐट सुटत नाही. ते हसू ओठांवर असतानाच कुठेतरी काहीतरी खुपलं. पण तिनं टॉवेलांच्या घड्या घालायला घेतल्या.

दिवेलागणीला तिनं ॲप उघडलं. निम्मी रक्कम टाकली, त्याचं नाव निवडलं, आणि पाठवून दिली. वाट पाहण्याचाही कंटाळा येतो माणसाला... असं ती मनाशी म्हणाली. पण ते खरं नव्हतं. कार्डावर पैसे जमा व्हायला कधी कधी दुसरा दिवस उजाडतो, हे तिला माहीत होतं. सकाळी माहीत होतं, चार वाजताही माहीत होतं. देणं तिच्या नावावर लागावं आणि व्याज त्याच्या — इतकं नेमकं ती थांबली होती.

उत्तर लगेच आलं.

'ताई, हे कशाला? कार्डाचे सगळे सकाळीच भरले. जुना टेम्पो देऊन टाकला, तसाही खर्चातच घालत होता. तुझे परत पाठवू का? तुझी रजा बिनपगारी झाली म्हणून निकिता सांगत होती, तूच ठेव.'

आता हा टेम्पोही सगळीकडे सांगत सुटेल — सायखेड्यात, मामांकडे, टेम्पो विकून आईचा गुडघा केला म्हणून... हा विचार आला तेव्हा तिचा मेसेज पूर्ण वाचूनही झाला नव्हता. शेवटची ओळ तिनं नंतर वाचली. हात फोनसकट तसाच राहिला. विचार तिनं केलाच नव्हता, तो तयारच होता. दीपकनं काहीही केलं असतं, व्याजात बुडला असता किंवा नसता, तरी हा विचार असाच आला असता.

"कुणाचं गं?" आई आतून म्हणाली. "दीपकचं का?"

"हो."

"काय म्हणतो?"

सांगायला हवं होतं. सगळे भरले म्हणतो, टेम्पो विकला म्हणतो. दोन वाक्यं... ती ऐकली, की आईचा चेहरा कसा फुलेल हे तिला दिसत होतं, आणि ते बघायची आपली तयारी नाही हेही दिसत होतं. तिनं त्याच्याबद्दलची ती जुनी, ओळखीची किळस मनात आणून पाहिली. ती आली, पण त्या किळसेला आता दीपकचा चेहरा नव्हता.

"संजे, काय म्हणतो?"

ती दारापर्यंत आली, चौकटीला हात लावून उभी राहिली. काय सांगायचं ते ठाऊक होतं. कुठल्या आवाजात सांगायचं, ते काही केल्या सुचेना.