भिंतीला चिकटणारा दांडा

आई बाथरूममध्ये पडली तेव्हा आधाराचा दांडा तिच्या हातातच होता. भिंतीवरून मात्र तो सुटला होता. पांढरं प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना रबराच्या वाट्या. वाट्या टाइलवर दाबायच्या, खटका पाडायचा, की झालं. भिंतीला भोक नको, कारागिराची मिनतवारी नको. धाकट्या लेकीने, चिमीने, आपल्या व्हिडिओत असंच सांगितलं होतं. आईने तिच्याच लिंकवरून तो मागवला, म्हणजे पोरीलाही चार पैसे सुटतील.

मनगटाच्या हाडाला चीर गेली. प्लास्टर घालून घरी आल्यावर आई थोरलीला म्हणाली, "माझाच तोल गेला गं. तिला काही बोलू नकोस."

थोरली बोलली नाही, फक्त कळवलं. चिमी फोनवर रडली. मग म्हणाली, "ताई, टाइल ओली असेल. वाट्या नीट दाबल्या नसतील."

दांडा थोरलीनेच बसवला होता, त्यामुळे ते तिला लागलं. तिने व्हिडिओ पुन्हा लावला. चिमी दांड्याला लोंबकळत हसत होती. "माझ्या आईसाठी मी हाच घेतला!" पहिल्यांदा पाहताना किती कौतुक वाटलं होतं. आता लक्षात आलं, लोंबकळताना तिचे पाय कुठे दिसतच नव्हते. जमिनीवर टेकलेले असले तरी कोणाला कळणार? थोरलीने मागचे व्हिडिओही उकरले. उशी, तवा, पायपुसणं, पुन्हा दुसरा तवा, आणि प्रत्येकाला तेच पालुपद: "मी स्वतः वापरते." एवढ्या तव्यांवर ही करते तरी काय, असं तिच्या मनात आलं, आणि सख्ख्या बहिणीबद्दल असं मनात आलं म्हणून तिला कसंसंच झालं.

आईला काही दिवस आपल्याकडे ठेवते, असं चिमीच म्हणाली. थोरली आईला घेऊन तिच्याकडे गेली. प्लास्टरला पिशवी बांधून आईला अंघोळ घालायला बाथरूममध्ये शिरली, तर समोर दांडा होता. स्टीलचा, दोन्हीकडे जाडजूड स्क्रूंनी भिंतीत पक्का आवळलेला. थोरलीने तो धरून अंगातलं सगळं बळ लावून ओढला. हलला नाही.

"चांगला आहे की," आई म्हणाली.

स्वयंपाकघरात चिमी व्हिडिओसाठी दिव्याचा स्टँड लावत होती.

"हा स्टीलचा कधी बसवलास?" थोरलीने विचारलं.

चिमीने मागे न बघता सांगितलं, "झाले की बरेच दिवस. सासूबाईंसाठी."

"आणि तो चिकटवायचा?"

"निघाला. दोनदा."

"व्हिडिओच्या आधी की नंतर?"

चिमीने स्टँड खाली ठेवला. "नंतर. शपथेवर सांगते, नंतर."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"तिने मागवलाय हेच मला माहीत नव्हतं. लिंकवरून किती जणांनी घेतलं तेवढं दिसतं, नावं दिसत नाहीत."

"म्हणजे नाव दिसलं असतं तर सांगितलं असतंस. बाकीच्यांच्या आया पडल्या तरी चालतील."

"ताई, तुला वाटतं तेवढं सोपं नाही ते. पण तो व्हिडिओ काढून टाकते. आजच टाकते."

चार-पाच दिवसांनी थोरलीच्या चष्म्याच्या दुकानात एक आजीबाई चष्मा सैल करून घ्यायला आल्या. थोरलीचा चेहरा न्याहाळत म्हणाल्या, "तुम्ही त्या व्हिडिओवालीच्या कोण? नाकडोळे अगदी तसेच. कालच तिचा दांडा मागवला मी." त्यांनी फोन पुढे केला. चिमी तशीच लोंबकळत होती.

थोरलीने चष्मा ठेवला. आपला फोन काढून व्हिडिओखाली लिहिलं, 'मी हिची सख्खी बहीण. हा दांडा निसटून आमची आई पडली. घेऊ नका.' पाठवून झाल्यावर तिला आपलाच संशय आला. हे लोकांसाठी लिहिलं, की चिमीचं सगळीकडे होणारं कौतुक कुठेतरी खुपत होतं?

चिमीचा फोन आला नाही. संध्याकाळपर्यंत जुना व्हिडिओ गेला. दोन दिवसांनी नवा आला. चिमी विनामेकअप बसलेली. "माझ्यामुळे माझी आई पडली," म्हणाली, डोळे पुसले, सगळ्यांची माफी मागितली. आधीच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा तो जास्त लोकांनी पाहिला. शेवटी ती म्हणाली, स्टीलचाच घ्या, लिंक खाली दिली आहे.

आई आता परत थोरलीकडे होती. तिने व्हिडिओ दोनदा लावायला सांगितला.

"खरंच रडली का गं ती?"

"तूच सांग. तुझी लेक."

"लहानपणी ओळखता यायचं," आई म्हणाली. "आता नाही येत."

आजीबाई पुन्हा दुकानात आल्या. जुना दांडा परत पाठवला होता. आता या नव्या लिंकवरून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. बहिणीची बाजू घ्यायची ही संधी होती, आणि माल या वेळी खरंच चांगला होता.

"कुठूनही घ्या," थोरली म्हणाली. "पण बसवून झाला की अंघोळीला जायच्या आधी घरातल्या धडधाकट माणसाला तो जोर लावून ओढायला सांगा. तुमच्यासमोर."