कोंडिबाचा वेगळा डबा

मी कोंडिबाचा दोन खणांचा स्टीलचा डबा बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी. माझ्यात कोण काय भरतंय आणि कशासाठी, हे हुंगल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्याला कारण आहे. कोंडिबाच्या बायकोने, सत्यभामेने, मला तुर्भ्याच्या दुकानातून घेतलं आणि माझ्यावर नवऱ्याचं नाव कोरून घेतलं. ती माझ्यात भाजीभाकरी भरायची. मार्केटमध्ये दिवसभर पोती वाहून झाली की कोंडिबा गुत्त्यावर जायचा आणि माझ्यातच मटण घ्यायचा. मटणासोबत बाटली, बाटलीनंतर घरी मारहाण. एकदा त्याने मलाच सत्यभामेवर फेकून मारलं. मला बुडाशी पोचा आला, तिच्या कपाळाला तीन टाके पडले. तेव्हापासून मी माणसांवर नजर ठेवून असतो.

त्या टाक्यांनी कोंडिबा भानावर आला. त्याने गळ्यात माळ घातली. मटण आणि बाटली एकाच दिवशी सुटली. त्याच्या लेखी ती दोन नव्हतीच.

पुढे पोत्याखाली त्याची पाठ गेली. दिघ्यातल्या ख्रिस्ती मंडळीतली माणसं रोज यायची, त्याला उठवून बसवायची, प्रार्थना करून निघून जायची. मी म्हटलं, यांना काहीतरी हवं असणार. वर्षभर वाट पाहिली, कुणी काही मागितलं नाही. शेवटी कोंडिबाच त्यांच्यात गेला. बाप्तिस्मा घेतला, माळ उतरवली, मटण मात्र सोडलेलंच राहिलं. सत्यभामा अजून आपल्या देव्हाऱ्यापाशीच बसते, पण रविवारी त्याच्या शर्टाला इस्त्री तीच करते.

मंडळी सुनयनाच्या घरी जमते. तिच्याकडे आजीपासून सगळे ख्रिस्ती. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर प्रीतिभोजन असतं, म्हणजे सगळ्यांनी एका पंगतीत बसून जेवायचं. सुनयनाच्या हातचं मटण फर्मास, असं सगळे म्हणतात. पहिल्याच प्रीतिभोजनाला कोंडिबाने पाहिलं, मटणातली पळी तशीच डाळीत गेली. तो न जेवता घरी आला. पुढच्या महिन्यापासून मी त्याच्या पिशवीत.

तो दाराशी बसायचा, मला उघडायचा आणि मान खाली घालून जेवायचा. सगळे माझ्याकडे बघायचे. सुनयना तर अशी बघायची, जणू मी तिचं काही चोरलंय. तिसऱ्या महिन्यात कोंडिबा मला मोरीपाशी ठेवून हात पुसायला गेला, तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "सातारचे मराठे ना ते. बाप्तिस्मा झाला तरी जात नाय सुटत. आमच्या हातचं चालत नाय त्यांना."

इकडे कोंडिबा घरी येऊन सत्यभामेला म्हणाला, "मुद्दाम मटान करत्यात. म्हंत्यात, प्रभूनं मोकळं केलंय, खावा. मला पुन्यांदा तोंडाला लावायचं ठरवलंय त्यांनी. आता त्या दारात जायाचंच न्हाय."

मलाही त्याचंच पटलं. एवढ्या घरात एक पळी जास्तीची नसते?

सत्यभामा मात्र म्हणाली, "ज्यांनी हातरुणातून उठवलं त्यांना तोंड चुकवू नगा. जायचं न्हाय तर जाऊन सांगून या."

म्हणून पुढच्या प्रीतिभोजनाला तो शेवटचं जेवून, सांगून यायला गेला. मला उघडलं, एवढ्यात सुनयना समोर येऊन बसली.

"दादा, आमच्या हातचं बाटतं का तुमाला?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"माज्या आजीला गावात वरून पाणी ओतायचे. भांड्याला भांडं लागू द्यायचे नाय. आता प्रभूच्या घरात पण मी तेच बघायचं का?"

कोंडिबाने घास खाली ठेवला. हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने माझ्यातली भाजीभाकरी एका रिकाम्या ताटात काढली, मला उलटं केलं आणि पोच्यावर बोट ठेवलं.

"ह्यो बग, बाय. मटान खाऊन, पिऊन बायकोला फेकून मारला हुता. तुज्या हाताला न्हाय भीत मी. मटान खाल्लं की त्यो जुना कोंडिबा जागा हुईल, त्याला भितो."

"मग आधी सांगायचं ना!" सुनयना ओरडलीच, आणि तिला रडू फुटलं. पास्टर काही बोधपर बोलणार, तोच ती म्हणाली, "थांबा जरा पास्टर, आमचं चाललंय."

पुढच्या महिन्यात कोंडिबाने मला रिकामंच नेलं. मला धडकी भरली. आता हे मला कशात बुडवणार? पण सुनयनाने मटणाच्या आधी, वेगळ्या पातेल्यात, वांगं-बटाटा केला होता. पळीसुद्धा वेगळी, दांड्याला लाल दोरा बांधलेली. मी कोपरा न् कोपरा हुंगला. काही सापडलं नाही.

तिने मला भरलं आणि त्याच्या शेजारीच बसली. तिच्या ताटातही तेच वांगं.

"तुज्या ताटात मटान का न्हाय?" कोंडिबाने विचारलं.

"आज नको. तुमी बसलाय ना शेजारी."

कोंडिबा उठला. मटणाच्या टोपापाशी गेला, पळी भरून आणली आणि तिला वाढली. थोडा रस्सा सांडला. "माज्यापायी तू मटनाबिगार कशाला ऱ्हातीस? तुला मोकळीक हाय, खा," तो म्हणाला. मग मोरीवर जाऊन तीनदा हात धुतले, आणि परत तिच्याच शेजारी बसून माझ्यातलं जेवला. माझ्या पत्र्याला गहिवर येतो हे मला त्या दिवशी कळलं.

आता मी दर महिन्याला रिकामा जातो आणि भरून येतो. पळी अजूनही हुंगतो, तो स्वभाव काही जायचा नाही. पण त्या महिन्यांची मला लाज वाटते. दोघांच्याही मनातलं एकट्या मला ठाऊक होतं. मी पडलो डबा, झाकण लावून बसून राहिलो. तुम्हाला बोलता येतं. पंगतीत कुणी वेगळा डबा उघडला, तर कृपा करून त्याच दिवशी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा.