शब्दाचा मान

बोस्टनजवळच्या हार्टवेल गावात ‘गुलाम’ हा शब्द फार मोलाचा मानला जात असे; तो वाटेल त्याला मिळत नसे. बोस्टनच्या बंदरात इंग्रजी चहाच्या पेट्या समुद्रात बुडवल्या गेल्यानंतर प्रार्थनागृहात जी गावसभा भरली, तीत चर्चचे कारभारी डीकन जेडेडाया क्रोवेल यांनी तो सढळ हाताने वाटला. शेतकरी गुलाम, लोहार गुलाम, खुद्द डीकन गुलाम.

“आपल्या संमतीवाचून आपल्यावर कर लादणारा राजा आपल्याला गुलाम करतो,” ते गरजले. “यापुढे या गावात कोणीही माणूस गुलाम म्हणून जगणार नाही!”

ठराव एकमताने संमत झाला. वरच्या सज्ज्यात, काळ्यांसाठी वेगळ्या काढलेल्या बाकावर, पेरो बसला होता. डीकनना तो वडिलांच्या मृत्युपत्रातून मिळाला होता, कुरणाच्या तुकड्याबरोबर. त्याने भाषण लक्षपूर्वक ऐकले, आणि त्यावर विश्वास ठेवण्याची चूक केली.

घरी मालकांचे बूट ओढून काढताना त्याने विचारले, “डीकनसाहेब, ‘कोणीही माणूस’ म्हणालात. मग मी अन् जिल्पानं कधी निघायचं?”

“कुठं?”

“कुठंही.”

डीकन रागावले नाहीत. त्यांना वाईट वाटले. “पेरो, तुला गुलाम कोण म्हणालं? या घरात तो शब्द तुझ्या कानावर कधी आलाय? गुलाम तिकडं दक्षिणेत असतात. तू आमचा नोकर आहेस.”

“नोकराला नोकरी सोडता येते, साहेब.”

“तू आजन्म नोकर आहेस,” डीकन समजुतीच्या सुरात म्हणाले. “ठराव गुलामांबद्दल आहे.”

स्वयंपाकघरात त्याची बायको जिल्पा मक्याची लापशी ढवळत होती. तिला हसू आवरेना. “म्हणजे सुटायचं तर आधी गुलाम हो, बाबा! राजाला सांगून पाठव, माझ्यावरही थोडा कर बसवा म्हणून. भाग्य उजळेल तुझं.”

राजाने बोस्टनचे बंदर बंद केले. हार्टवेलनेही स्वातंत्र्यासाठी आपल्या परीने त्याग केला: चोरून चहा विकणाऱ्या एका दुकानदाराला डांबर फासून, पिसे चिकटवून गाड्यावरून फिरवले. डांबर पेरोने उकळले; सभ्य माणसांचे हात अशा कामाने खराब होतात. पुढे वसंतात गावच्या मैदानावर लढाईसाठी कवायत सुरू झाली आणि डीकनांचा मुलगा सायलस याचे नाव पुकारले गेले. त्याच संध्याकाळी डीकन तबेल्यात आले.

“सायलसच्या जागी तू जा. देश मोकळा झाला की तूही मोकळा. देवासमक्ष शब्द देतो.”

“शब्द कोणता, ते आधी नीट विचारून घे,” जिल्पा नंतर म्हणाली. “यांच्याकडं शब्दांचे दोन डबे असतात. एक रविवारचा, एक घरातला.”

पेरो गेला. लाल डगल्यांची इंग्रजी फौज बोस्टनकडे परतत असताना दगडी बांधाआडून त्याने बार काढले. एक गोळी त्याच्या गुडघ्यात शिरली आणि तिथेच राहिली. सायलस घरी पेरोसाठी प्रार्थना करत होता. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात प्रार्थनागृहाच्या पायऱ्यांवरून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. सारी माणसे समान जन्मली आहेत, हे वाक्य आले तेव्हा डीकनांचे डोळे भरून आले होते. पुरुष टोप्या उडवत असतानाच पेरो लंगडत पुढे झाला.

“देश मोकळा झाला, साहेब.”

डीकनना त्याचे म्हणणे लगेच कळले. ते बुद्धिमान होते. “पेरो, मी शब्द दिला तेव्हा तुला दोन धड पाय होते. लंगड्या माणसाला जगात मोकळं सोडणं म्हणजे क्रूरपणा. खाशील काय? आणि तू गावावर ओझं झालास, तर कायद्यानं जामीन कोण? मी. नाही, मरेपर्यंत तुला सांभाळणं माझं कर्तव्य आहे.”

भोवतीच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. उदार माणूस.

“बरोबर आहे, साहेब,” पेरो म्हणाला. “मग माझं स्वातंत्र्य जिल्पाला द्या. तिचे दोन्ही पाय धड आहेत.”

डीकनांच्या साऱ्या भाषणांत नसलेला प्रांजळपणा त्यांच्या तोंडून निसटला. “मग स्वयंपाक कोण करील?”

जिल्पा गर्दीच्या कडेला उभी होती. तिने कमरेचा एप्रन सोडला, नीट घडी घालून कुंपणावर ठेवला, आणि नवऱ्याकडे एकदाच पाहिले. त्याने होकारार्थी मान हलवली. ती बोस्टनच्या रस्त्याला लागली, न धावता.

“तिला परत आण!” डीकन ओरडले.

“लंगड्याला मोकळं सोडू नये म्हणालात, साहेब.”

कोणीतरी खुदकन हसले. सायलसचे कान लाल झाले. रणांगणाने कधी न दिलेला आवेश त्याच्या अंगात संचारला. “मी आणतो! पेरो, घोड्यावर खोगीर चढव. लवकर!”

खोगिराचे पट्टे कसे आवळतात हे सायलसला ठाऊक नव्हते. आजवर त्याची कधी गरज पडली नव्हती. पेरो तबेल्याकडे निघाला. जाताना वाटेत दोनदा थांबला, गुडघा चोळला, घोड्याला चुचकारले, भिंतीवरचा लगाम काढला, तो चुकीचा निघाला म्हणून परत टांगला.

“अरे, पाय उचल!” सायलस दारातून किंचाळला.

“उचलतोय, धाकटे मालक,” पेरो म्हणाला, आणि त्या दिवशी गरजेपेक्षा कितीतरी अधिक लंगडला.