तळाचा गाळ

अमेयने स्पेनहून आणलेली रेड वाइन लाकडी पिंपात आणि बाटलीत मुरून त्याच्याच वयाची झाली होती. तळाचा गाळ हलू नये म्हणून बाटली दोन दिवस कपाटात उभी होती. "कुणी हात लावाल तर याद राखा," असं त्याने घरात बजावलं होतं.

पाहुण्यांसमोर पेले मांडून तो वळला, तर चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेले व्यंकटराव बाटली जोरजोरात हलवत होते.

"बाबा! अहो, काय करताय?"

"औषध तळाशी बसलं होतं. न हलवता देतात का कुणाला?"

मग त्यांनी चष्मा सारून लेबलवरचं साल वाचलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"एकोणीसशे पंचाण्णव? नालायका, हे तू माणसांना पाजणार होतास?"