गट एकशे सतराचा पोटहिस्सा

मैंदर्गीच्या सेवा केंद्रात महेश्वरीनं सातबारा वाचला आणि पुन्हा वरून वाचायला लागली.

"काय गं?" गौरम्मानं लेकीला विचारलं.

"अव्वा, ह्यात तुझं नाव न्हाय. आपला पोटहिस्सा मल्लिनाथच्या नावावर गेलाय."

शेजारचा मल्लिनाथ आपला तुकडा विकत होता. सोमवारी तालुक्याला खरेदीखत होतं, आणि कागदावर आता दोन्ही तुकडे त्याचेच होते.

तलाठ्यानं संगणकात बघितलं. "सातबारा ऑनलाइन चढवताना चूक झालीय. कलम एकशे पंचावन्नखाली तहसीलदारांकडं अर्ज करा, हातानं लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्याची नक्कल जोडा. पण त्याआधी खरेदी झाली, तर कोर्टाची पायरी चढावी लागंल."

शुक्रवारी अर्ज दिला. नक्कल मिळायला आठ दिवस लागणार होते.

तोवर सोमवार उलटणार होता, म्हणून गौरम्मा थांबली नाही. शनिवारी ती एकटीच एसटीनं चिंचोळी एमआयडीसीत गेली. मल्लिनाथ तिथं कामाला होता. पाळी सुटेपर्यंत ती कारखान्याच्या फाटकाशी उन्हात उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी बांधावरून ती त्याला चारचौघांत नाही नाही ते बोलली होती. आता त्यानं कागदाकडं बोट दाखवलं तर?

मल्लिनाथनं सातबारा बघितला, घडी घालून परत दिला.

"मला पंधरा दिवसांपूर्वीच कळलंय, काकू. घेणाऱ्यानंच दाखवलं. म्हणाला, गप बस."

"मग?"

"बसलो की गप."

गौरम्मानं सातबारा पिशवीत घातला. "तुला तहसीलदाराची नोटीस येईल. तवा काय सांगणार हायस, तेवढं आत्ता सांग."

तो रस्त्याकडं वळला. "एसटी चुकंल तुमची," एवढंच म्हणाला.

सोमवारी दहापासून ती निबंधक कार्यालयाच्या दारात बसून होती. खरेदीदार आला, फोन लावून लावून दमला. मल्लिनाथचा फोन बंद. कचेरी बंद झाली तरी तो फिरकला नाही.

सुनावणीला मात्र आला. मान खाली घालून म्हणाला, "तो हिस्सा काकूंचा हाय. वहिवाटबी त्यांचीच." तहसीलदारांनी जुनी नक्कल ताडून बघितली आणि दुरुस्तीचा आदेश दिला.

बाहेर गौरम्मानं त्याला गाठलं. "त्या सोमवारी कुटं होतास?"

"कुर्डुवाडीला, बहिणीकडं. हितं असतो तर सही केली असती."

दोघं एकाच एसटीनं गावाकडं आले, वेगवेगळ्या बाकांवर बसून. महिन्याभरानं सातबाऱ्यावर तिचं नाव आलं.