चेहरा झाकलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. पण माझे नाव विचारू नका, कारण नाव मिळण्याआधीच मी जुनी झाले.

कारखान्यात माझ्यासारख्या मोजक्याच गाड्या हाताने जोडल्या होत्या. आम्ही विकण्यासाठी नव्हतो, छळून बघण्यासाठी होतो. आमच्यात काय तापते, काय खडखडते, काय मोडते ते पाहायचे आणि मग खऱ्या गाड्या बनवायच्या. म्हणून मला रंग लावला नाही. अंगभर काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीचा कागद चिकटवला, म्हणजे बघणाऱ्याची नजर घसरावी आणि माझी ठेवण कोणाला कळू नये. नाकावर काळ्या रेग्झिनचे कव्हर बांधले. मुंडावळ्या बांधून नवरी निघावी तसे मला वाटले होते. मी भोळी होते.

मला मलकापूरला पाठवले. तिथे कंपनीने एक शेड भाड्याने घेतली होती. विदर्भाचे ऊन, राजूर घाटाचा चढ आणि पुढचे खड्ड्यांचे रस्ते माझ्या परीक्षेसाठी हवे होते. माझा चालक होता दीपक, अमडापूरचा. शेतकऱ्याच्या घरातला, कमी बोलणारा. घाटात तो मला हळुवार वळवी आणि खड्डा आला की स्वतःच्याच पायाला ठेच लागल्यासारखा 'स्स' करी. मलकापूरहून बुलढाणा, चिखली, अमडापूर, खामगाव आणि परत मलकापूर, अशी आमची रोजची फेरी असे. त्याच्या गावावरून आम्ही रोज जात होतो. पण तिथे थांबायचे नाही, गाडीबद्दल कोणाशी बोलायचे नाही आणि कव्हर तर मुळीच काढायचे नाही, असा नियम होता.

राजूर घाटाच्या एका वळणावर सुट्टीच्या दिवशी शंतनु सर उभे असत. बुलढाण्याच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. झाकलेल्या गाड्या शोधून त्यांचे फोटो काढायचे, हा त्यांचा छंद होता. कागदाखालचा माझा आकार ओळखून ते कागदावर उतरवीत, आणि वाटेत मोताळ्याला दीपक चहाला थांबला की चित्र पुढे धरीत.

"दीपकभाऊ, एवढं तरी सांगा. दिवे उभे हायेत का आडवे?"

"मले काहीच मालूम नाही, सर. मी फक्त चालवतो."

दोघेही हसत. मित्रांनो, खरे सांगते, मला तो माणूस आवडे. एवढ्या मनापासून माझ्याकडे दुसरे कोणी पाहत नव्हते.

अमडापूरला मात्र निराळेच बोलणे चालू झाले होते. तोंड झाकलेली गाडी चोरीची असते, दीपक काहीतरी दोन नंबरचे काम करून राह्यला, असे लोक म्हणू लागले. त्याची आई सत्यभामाबाई. तिची नजर दिवसेंदिवस जात चालली होती आणि आता ती परत यायची नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. उरलीसुरली नजर आहे तोवर मुलाची गाडी पाहावी, एवढेच तिने मागितले. दीपकने बरेच दिवस टाळले. एके दुपारी त्याने मला रस्ता सोडून घरामागच्या बोळात घातले.

म्हातारी काठी टेकत आली. डोळे बारीक करून तिने माझ्याकडे पाहिले.

"हे तं मले नुसतंच काळंपांढरं दिसते, बापा."

दीपकने इकडेतिकडे पाहिले. मग कव्हरचे बंद सोडले आणि रेग्झिन वर धरले. सत्यभामाबाईने माझ्या नाकावरून, दिव्यांवरून हात फिरवला. पीठ मळताना फिरतो तसा तो हात सावकाश फिरला.

"चांगली हाय," ती म्हणाली. "चोरीची नाही वाटत."

"नाही वं माय."

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी मोटारसायकल दिसली. शंतनु सर चिखलीपासून आमच्या मागे होते. कॅमेरा अजून त्यांच्या हातात होता. दीपकने घाईने कव्हर बांधले आणि तो त्यांच्याकडे गेला.

"सर, फोटो काढला?"

"काढला. पण कोनाले दाखवत नाही. शब्द देतो."

"घरची गोष्ट हाय, सर. मायचे डोळे चालले."

"समजलं मले, दीपकभाऊ. जा तुम्ही."

शब्द देताना ते खोटे बोलत नव्हते, असे मला आजही वाटते. पण माझ्या उघड्या चेहऱ्याचा फोटो मिळवणारे ते पहिलेच होते, आणि ही गोष्ट त्यांच्या पोटात राहिली नाही.

दोन दिवसांनी शेडमध्ये कंपनीच्या साहेबांनी दीपकसमोर मोबाइल धरला. मी शेजारीच उभी होते. फोटोत माझा चेहरा होता, रेग्झिन वर धरलेला दीपक होता आणि माझ्या दिव्यावर एक सुरकुतलेला हात होता.

"हा हात कोणाचा?"

"मायचा, साहेब."

"चावी ठेवा."

दीपकने चावी टेबलावर ठेवली. आपला डबा आणि उन्हाचा रुमाल घेऊन तो फाटकाबाहेर निघाला, तर तिथे शंतनु सर उभे होते. चेहरा पार उतरलेला.

"मी फक्त राजकुमारले पाठवला होता. माझा दोस्त हाय नागपूरचा. त्यानं पुढं पाठवला. मी साहेबांशी बोलतो, दीपकभाऊ."

"काय बोलता, सर? फोटो खोटा हाय काय?"

सरांनी हातातला मोबाइल खिशात घातला.

"नोकरीचं जाऊ द्या," दीपक म्हणाला. "आता मायले वाटन, तिनं हात लावला म्हनून नोकरी गेली. घास उतरनार नाही तिच्या घशाखाली. तिले काय सांगू, ते सांगा."

दीपक स्टँडकडे चालू लागला. त्यानंतर वळणावर सर मला कधी दिसले नाहीत. गावात मात्र लोकांना हवे ते मिळाले. नोकरी उगीच जाते काय, असे ते म्हणत असल्याचे शेडमध्येही कानावर आले.

नव्या चालकाने मला आणखी काही महिने पिटाळले. मग एके दिवशी साहेब आपसात बोलले, ते मी ऐकले. ही गाडी बाजारात आणायची नाही, असे वरून ठरले होते. माझा दोष नव्हता. विचार बदलला होता, एवढेच. म्हणजे ज्या चेहऱ्यासाठी दीपकची भाकरी गेली, तो चेहरा आता कोणालाच नको होता. मी तेव्हा शेडमध्ये उभी होते; रस्त्यावर चालत असते, तर तिथेच बंद पडले असते.

मला ट्रेलरवर चढवून नेले. मलकापूरच्या नाक्यावर गर्दीत ट्रेलर अडकला आणि शेजारी कापसाच्या गाठी भरलेला टेम्पो येऊन थांबला. टेम्पो दीपक चालवत होता. वाळला होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि लगेच मान पलीकडे फिरवली. वाट मोकळी होताच तो निघून गेला.

आता मी भंगाराच्या आवारात आहे. माझ्यासारख्या गाड्या विकता येत नाहीत, त्यांना दाबून पत्रा करतात. माझी पाळी जवळ आली आहे.

मित्रांनो, रस्त्यावर नक्षीचा कागद गुंडाळलेली गाडी दिसली तर जरूर पाहा. नवलाची गोष्ट पाहावीशी वाटणारच. पण फोटो काढून पुढे पाठवण्याआधी गाडीतल्या माणसाकडेही एकदा बघा. गाडीचा चेहरा झाकायला कितीतरी लोक राबतात. चालवणाऱ्याचा चेहरा उघडाच असतो, आणि त्याची काळजी करणारे तिथे कोणी नसते. तुम्ही केलीत, तर तेवढीच. माझ्या दीपकला आता त्या काळजीचा काही उपयोग नाही.