धुक्यातला जाळ

वाऱ्याची पिशवी म्हणतात ती मीच, बोलतेय. विमानवाले मला विंडसॉक म्हणतात. धावपट्टीच्या कडेला उंच खांबावर टांगून घ्यायचं आणि वारा कुठून येतो ते विमान उतरवणाऱ्याला दाखवायचं, एवढंच माझं काम. माळावरचे गुराखी मला बुजगावण्याची बाही म्हणायचे. म्हणोत बापडे.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना, आतल्या एका माळावर चौऱ्याण्णव साली ही छोटी खासगी धावपट्टी झाली. पहिली पिशवी वर्षभरात फाटली, तेव्हा राखणदार तात्याबाच्या बायकोनं, सिंधुबाईनं, भगवं-पांढरं कापड आणून मला घरच्या मशिनवर शिवलं. तिच्या टाक्यांचा मला अजून अभिमान आहे.

तात्याबाच्या घरी पूर्वी मेंढरं होती. विमान यायच्या आधी पट्टीवरची कुत्री, शेरडं तो शीळ घालून हाकलायचा. दोन माणसांचं विमान घेऊन दिग्विजय नावाचा तरुण वैमानिक यायचा. उतरला की आधी पट्टीशेजारच्या तात्याबाच्या खोपटात जाऊन भाकरी खायचा. "मावशी, वरून तुमच्या चुलीचा धूर दिसला की भूक लागते," म्हणायचा. सिंधुबाई लाजून आणखी एक भाकरी टाकायची.

माघातल्या एका सकाळी कालव्यावरून दाट धुकं आलं. खांबाशी उभा असलेला तात्याबाही मला दिसेना. वारा अजिबात नव्हता. मी नुसती लोंबत होते, आणि वर विमान आवाज करत घिरट्या घालत होतं.

"पोराला पट्टी गावंना," तात्याबा म्हणाला. "जाळ करतो."

"आपल्या दारात?" सिंधुबाईनं विचारलं.

"मग कुठं? मेंढरामागं असताना गडी धुक्यात चुकला की आमी तळावरच जाळ करायचो. जाळ बघून नीट येतुया माणूस."

खोपटापुढं उसाचं पाचट पेटलं. धुकं तांबूस झालं.

आणि दिग्विजय नीट आला. जाळ बघून थेट जाळाकडेच आला. पट्टी मात्र शेजारी राहिली. चाकं नांगरलेल्या रानात रुतली आणि विमान उलटलं. तात्याबानं विळ्यानं त्याच्या कमरेचा पट्टा कापून त्याला ओढून काढलं. "तात्या, चूल दिसली," एवढंच तो बोलला. बारामतीच्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच त्याचा जीव गेला.

चौकशीला साहेब आले. जाळाचं तात्याबानं आपणहून सांगितलं. "धुक्यात त्यानं उतरायलाच नको होतं," असं म्हणून ते निघून गेले. तात्याबाला ते पटलं नाही. मला फार वाईट वाटतं. किती मायेनं बोलावलं होतं त्यानं!

त्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. अजूनही धुकं पडलं की त्या घरात ऊन येईपर्यंत चूल पेटत नाही. दोघं थंड चुलीपुढं बसून राहतात.

माझा रंग उडालाय, बूड फाटलंय. सिंधुबाईनं नवी पिशवी शिवून ठेवलीय, उद्या मला उतरवतील. वरून येणाऱ्या लेकरांनो, जाताना एवढंच सांगते. पिशवी दिसली तरच उतरा. नाही दिसली तर परत फिरा. भाकरी उद्याही मिळेल.